गुंगीतलं रडू

(दुधाचे दात : लेखांक सहावा)

दुधाची दाढ दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहते, म्हणून ‘पडणारच आहे’ म्हणत किडलेली दाढ सोडून देता येत नाही, हे मागच्या आठवड्यात पाहिलं. पण तीन वर्षांच्या पोराला खुर्चीत बसवायचं कसं? समजावून भागलं नाही, तर गुंगी देऊन उपचार हा एक मार्ग उरतो.

वाशीम जिल्ह्यात ही गोष्ट प्रवासापासून सुरू होते. रिसोड किंवा मानोऱ्याकडून अकोला, अमरावती गाठायचं, नाहीतर थेट नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय. पहाटे निघायचं आणि पोरगं उपाशी. मालेगाव येईपर्यंत ते भुकेनं रडायला लागतं आणि आजीचा हात पिशवीत जातो. नंतर डॉक्टरांनी विचारलं, की आजी म्हणते, “म्या त एकच बिस्कुट देल्लं, बाप्पा!”

आजीची माया खरी आहे, पण ते एक बिस्कीट महागात पडतं. गुंगीत गिळण्या-खोकण्याची आपोआप होणारी क्रिया मंदावते. पोटातलं उलटून वर आलं तर ते श्वासनळीत जाऊ शकतं. म्हणून दूध आणि हलकं खाणं 6 तास आधी बंद, आईचं दूध 4 तास आधी, साधं पाणी 2 तास आधी. बिस्कीट दिलंच असेल तर सांगून टाका. उपचार पुढे जाईल, खेप वाया जाईल, इतकंच. लपवणं मात्र जिवावर बेतू शकतं.

गुंगीचे प्रकार वेगवेगळे. नाकावर मुखवटा लावून नायट्रस ऑक्साइड वायू देतात, त्यात मूल जागं असतं, बोलतंसुद्धा. हा वायू दंतवैद्यांच्या जुन्या ओळखीचा. 1844 मध्ये अमेरिकेतल्या होरेस वेल्स नावाच्या दंतवैद्यानं तो हुंगून स्वतःचीच दाढ काढून घेतली होती. बरीच दुरुस्ती असेल तर शस्त्रक्रियागृहात भूलतज्ज्ञ पूर्ण भूल देतात. या दोन्हींच्या मधलं म्हणजे तोंडावाटे दिलं जाणारं मिडाझोलामसारखं औषध, आणि आईवडील सगळ्यात जास्त घाबरतात ते याच्या वेळी.

कारण हे औषध घेऊन सगळी मुलं शांत होत नाहीत. काही उलट चिडतात, हातपाय झाडतात, आईलाही ओळखत नसल्यासारखी रडतात. मग बापाला वाटतं औषध फुकट गेलं आणि आईला वाटतं आपलंच लेकरू वांड. दोन्ही चूक. मेंदूवरचा लगाम सैल झाला, की काही मुलांचं असं होतं. तिथे रागावून काही उपयोग नाही. कारण ते ऐकून आवरायची ताकद त्या क्षणी मुलाकडे नसते. याच औषधामुळे त्या वेळच्या आठवणी नीट साठतही नाहीत. पोरगं बहुतेक सगळं विसरतं, आई विसरत नाही.

माझा आक्षेप आहे तो घरातल्या बोलण्यावर. “जेवला नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील” हे वाक्य वर्षभर ऐकलेलं मूल खुर्चीत हसत कसं बसेल? “काहीच करणार नाहीत” ही थापही तितकीच वाईट. “दात धुतील, थोडं गुदगुल्यासारखं वाटेल, मी बाजूला आहे,” एवढं पुरतं.

दाढेसाठी बधिर करणारं इंजेक्शनही दिलेलं असेल, तर घरी आल्यावर ओठ बधिर असेपर्यंत खायला देऊ नका आणि मुलावर नजर ठेवा. बधिर ओठ मुलं गंमत म्हणून चावतात, दुसऱ्या दिवशी तो सुजतो आणि घरचे म्हणतात औषध बाधलं.

आणि परतताना लेकराला दोघांच्या मध्ये बसवून मोटरसायकलवर नेऊ नका. गुंगीत मान पुढे कलली, की श्वासाची वाट अडते. चारचाकी करा, ती चालवायला एक जण आणि मुलाची मान सरळ धरून बसायला दुसरा, अशी दोन मोठी माणसं सोबत घ्या.

(पुढील भागात : रात्रीची दुधाची बाटली)