नाव माकडाचं, काम गोचिडीचं

बंगळुरूच्या कोरमंगलातल्या एखाद्या फ्लॅटमध्ये कुणी ससा पाळला, की शेजारच्या काकू हमखास विचारतात, "यानं काही रोगबिग होत नाही ना गं?" घरात वाढलेल्या सशाची उगाच धास्ती नको. पण अमेरिका, युरोप, रशिया, जपान इथल्या रानसशांना टुलारेमिया नावाचा आजार होतो. 1911 साली कॅलिफोर्नियातल्या टुलारे भागात डॉ. जॉर्ज मकॉय खारींमधला प्लेग शोधत होते, तेव्हा हा सापडला. आजारी ससा सोलणाऱ्या शिकाऱ्याला तो होतो, गोचीड चावूनही होतो. तो सशापासून माणसाला होतो, याची जपानच्या डॉ. हाचिरो ओहारांना 1925 साली खात्री करून घ्यायची होती, तर त्यांच्या पत्नी रिकी यांनी मेलेल्या रानसशाचं रक्त चक्क स्वतःच्या हातावर चोळून घेतलं! आला की ताप. (तुम्ही असलं काही करायचं नाही, हे वेगळं सांगायला नकोच.)

आता बंगळुरूहून रात्रीची बस पकडून शिवमोग्ग्याकडे जाऊ. तिथे सशाच्या जागी माकड आहे. तुमचे कन्नड दोस्त ज्याला 'मंगना कायिले' म्हणतात, तोच आपल्या सिंधुदुर्गातला माकडताप. 1957 मध्ये सोरब तालुक्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरू लागली आणि आसपासच्या गावांत माणसं तापानं फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातले शास्त्रज्ञ धावले. आधी वाटलं, पीतज्वर आला! दक्षिण अमेरिकेत त्यानं माकडं अशीच मरतात. पण निघाला एक नवाच विषाणू, सायबेरियातल्या ओम्स्क तापाच्या विषाणूचा भाऊबंद. एवढ्या लांबून त्याला आणलं कुणी? संशय गेला पाहुण्या पक्ष्यांवर. मग सालिम अली आणि त्यांच्या चमूनं हजारो पक्षी पकडून त्यांच्या पायांत कड्या घातल्या. पक्ष्यांवरचा आरोप काही सिद्ध झाला नाही, पण कुठला पक्षी कुठून येतो, ही माहिती आयतीच हाती लागली.

रोग पसरवणारी होती गोचीड. ही कीटक नाही, कोळ्याची चुलतबहीण. अंड्यातून निघते तेव्हा तिला सहा पाय असतात, कात टाकली की आठ! तिला उडता येत नाही, उड्याही मारता येत नाहीत. तिळाहून लहान असलेली ही बया पाचोळ्यावर नाहीतर गवताच्या पात्यावर चढते आणि पुढचे दोन पाय हवेत पसरून बसते. वास घेते ती याच पायांनी. तुमच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड तिला कळतो, अंगाची ऊबही कळते. तुम्ही पात्याला घासून गेलात, की ती चिकटलीच म्हणून समजा. चावते इतकी अलगद, की पत्ताही लागत नाही.

आजारी माकड मेलं, की त्याचं अंग थंड पडतं आणि गोचिडी खाली उतरून तिथेच नव्या गिऱ्हाइकाची वाट बघतात. म्हणून तर आरोग्य खात्याची माणसं त्या जागेभोवती गोचीडनाशक भुकटी मारतात. 2015 मध्ये गोव्याच्या सत्तरीत आणि 2016 मध्ये दोडामार्गात हा ताप आला, तेव्हा काजूच्या बागांत राबणारी माणसं त्याच्या तावडीत सापडली. काजूचा हंगाम कोरड्या महिन्यांतला, आणि गोचिडीची पिल्लं पाचोळ्यात वळवळतात तीही तेव्हाच.

एका माणसाकडून दुसऱ्याला मात्र हा ताप होत नाही. त्यामुळे सुट्टीत गावी गेलात, तर तापलेल्या मामाजवळ खुशाल बसा. पण बागेतून आल्यावर कपडे बदला, गरम पाण्यानं आंघोळ करा, कानामागे आणि गुडघ्यामागे नीट बघा. आणि कुठे मेलेलं माकड दिसलं, तर हात न लावता आधी मोठ्यांना हाक मारा.