'होते तर' की 'असते तर'?

आपल्या पिपलानी-बरखेड्याच्या घरांतील मुले मराठी बोलतात, पण वाक्य मनात हिंदीत जुळवून बोलतात, हे आता नवे राहिलेले नाही. १९५६ साली भोपाळ राजधानी झाले तेव्हा नागपूरच्या सरकारी कचेऱ्यांबरोबर पुष्कळ मराठी कुटुंबे इकडे आली. त्याच सुमारास हेवी इलेक्ट्रिकल्सचे काम सुरू झाले आणि या वसाहती वसल्या. आज घरात तिसरी-चौथी पिढी आहे. खाणेपिणे, शाळा, क्रिकेट एवढ्यापुरती मराठी तिला छान येते. गाडी अडते ती जर-तरच्या वाक्यापाशी, म्हणून हे थोडे सविस्तर लिहीत आहोत.

सर्वांत घोळ होतो तो 'होते' या शब्दाचा. हिंदीत 'दादाजी होते तो' म्हटले की दादाजी आज नाहीत हे कळते. मूल तेच मराठीत आणते : 'आजोबा होते तर खूप हसले असते.' शब्द दोन्हीकडे एकच दिसतो, त्यामुळे चूक त्याच्या कानाला लागतच नाही. पण मराठीत 'होते' म्हणजे खरोखर होते. पुण्याची आत्या लगेच विचारणार, 'होते? कुठे होते?' मुलाला म्हणायचे असते, 'आजोबा असते तर खूप हसले असते.' त्यातली उणीव, हुरहूर 'असते'मध्ये आहे. 'होते'मध्ये ती नाही.

आम्हा बँकवाल्यांना हा फरक काउंटरवरच्या उदाहरणाने लवकर पटवता येतो. 'खात्यात पैसे होते तर चेक परत का गेला?' हे ग्राहकाचे भांडण आहे. पैसे होते, याबद्दल त्याला शंका नाही. 'खात्यात पैसे असते तर चेक परत गेला नसता' हे बँकेचे उत्तर आहे, म्हणजे पैसे नव्हते. दोन वाक्यांत एका शब्दाचा फरक, आणि तेवढ्यात सगळा हिशेब उलटा होतो.

घडून गेलेल्या गोष्टीबद्दल बोलायचे तर हेच 'असणे' दुसऱ्या क्रियापदाच्या मागे लागते आणि दोन्ही बाजूंना लागते : 'पाऊस पडला असता तर पीक आले असते.' व्याकरणाच्या पुस्तकात याला संकेतार्थ म्हणतात. मुलांना हे नाव सांगितले नाही तरी चालते. त्यांना लिंग-वचन मात्र सांगावे लागते. मुलगा 'मी आलो असतो' म्हणेल, मुलगी 'मी आले असते' म्हणेल. समोरच्याला 'तू आला असतास', 'तू आली असतीस'. आणि 'तू चिठ्ठी वाचली असतीस तर' यात 'वाचली' झाले ते चिठ्ठीमुळे, वाचणारा मुलगा असला तरीही. इथे मुले वैतागतात, आणि त्यांचे वैतागणे रास्त आहे.

उद्याची गोष्ट त्या मानाने सोपी, पण एक गंमत आहे. 'उद्या पाऊस पडला तर आम्ही येणार नाही.' पाऊस उद्याचा, क्रियापदाचे रूप मात्र कालचे. मुले 'पाऊस पडेल तर' म्हणतात, कारण हिंदीत 'बारिश होगी तो' चालते. मराठीत 'कराल तर पस्तावाल' अशी रूपे आहेत, नाही असे नाही, पण त्यांना ताकिदीचा वास येतो. पावसाला ताकीद कशाला द्यायची? 'जर' गाळला तरी बिघडत नाही. 'तर' सहसा गाळू नये. आणि त्या 'तर'च्या जागी हिंदीचा 'तो' आला की 'तो आला तो सांग' असे वाक्य तयार होते, त्यात कोण आला आणि कोणाला सांगायचे याचा पत्ताच लागत नाही.

कागदोपत्री भाषेत 'हप्ता थकल्यास दंडव्याज लागेल' असे असते. त्या 'ल्यास'मध्ये 'तर' मुरलेलाच असतो, 'थकल्यास तर' नको. तसेच 'चौकशी केली असता पत्ता चुकीचा आढळला' यातले 'असता' पाहून फसू नये. इथे 'तर' नाही. चौकशी झालेली आहे, पत्ताही खरोखर चुकीचा निघालेला आहे.

आपल्यातील एका कुटुंबाची नात ऑकलंडला शाळेत माओरी शिकते. तिच्यामुळे आम्हालाही थोडे कळले. 'की ते हाएरे कोए, का हाएरे आऊ' म्हणजे 'तू गेलास तर मी जाईन.' 'की ते' सुरुवातीलाच येते, त्यामुळे अट आहे हे आधीच कळते, आणि 'हाएरे' हे क्रियापद दोन्हीकडे जसेच्या तसे राहते. 'तू नसतास तर' या अर्थाला 'मे इ कोरे' अशी वेगळीच सुरुवात आहे. आपल्याकडे हे सारे क्रियापदाच्या शेपटाशी असते, म्हणून आपल्या मुलांना वाक्य संपेपर्यंत दम धरावा लागतो. माओरी लोकांनी १९८२ मध्ये 'कोहंगा रेओ', म्हणजे भाषेचे घरटे, सुरू केले. तिथे वडीलधारी मंडळी चिमुरड्यांशी फक्त माओरीत बोलतात. पुस्तक नंतर.

आमच्याकडे वेगळी वर्गखोली नाही. रविवारी चार-पाच नातवंडे ओसरीवर बसवून आम्ही एकच खेळ खेळतो. एकाने अर्धे वाक्य टाकायचे, दुसऱ्याने पुरे करायचे. 'मी बस ड्रायव्हर असतो तर...', 'मोठा तलाव आटला असता तर...' चूक झाली तर व्याकरण सांगायचे नाही, फक्त बरोबर वाक्य सहज म्हणून दाखवायचे. सुरुवात 'असतो तर, असते तर' इथूनच करावी, 'उद्या पाऊस पडला तर' नंतर घ्यावे, असे आमचे मत आहे. शाळेची पुस्तके उलट्या क्रमाने जातात. पण मुलांना जे नाही त्याबद्दल बोलायला जास्त आवडते. घरी करून पाहायचे असेल तर पोळ्या लाटताना किंवा बस स्टॉपवर दहा मिनिटे पुरतात.