वखारीतील चिमुकला संगणक सुरू होत नसेल तर

आपल्या पुष्कळ सभासद बंधूंच्या वखारीत इलेक्ट्रॉनिक काट्याशेजारी पत्त्याएवढ्या पाटीचा एक संगणक आता नांदू लागला आहे. त्याचे नाव रास्पबेरी पाय. इंग्लंडातील केंब्रिज येथे एबेन अप्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मुळात शाळकरी मुलांसाठी सिद्ध केला आणि २९ फेब्रुवारी २०१२ रोजी तो विक्रीस आला. मुलांचे हे खेळणे व्यापाऱ्याच्या कामी आले, ते त्याच्या अल्प किमतीमुळे आणि विजेच्या माफक खर्चामुळे. काट्यावरील वजन तो आपोआप टिपून घेतो. मात्र सकाळी ट्रक दाराशी उभा, हमाल पोती खांद्यावर घेण्यास तयार, आणि हा गृहस्थ मुका, असा प्रसंग आला म्हणजे मुनीमजींची जी तारांबळ उडते ती आम्ही जाणतो. म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम हे यंत्र जागे कसे होते ते समजून घेतले पाहिजे. मोठ्या संगणकाप्रमाणे त्याच्या पोटात तबकडी नसते. त्याची सारी विद्या नखाएवढ्या मायक्रोएसडी कार्डात साठविलेली असते. वीज मिळताच मुख्य चकतीतील चित्रे काढणारा भाग आधी जागा होतो. तो कार्डातील पहिला कप्पा उघडून आरंभीच्या फायली वाचतो, आणि मग कारभार मुख्य प्रणालीच्या हाती देतो. पेढीवर आधी रखवालदार कुलूप काढतो, मागाहून मुनीम चोपड्या मांडतो, तसाच हा क्रम आहे. यंत्र कोणत्या पायरीवर अडले हे कळले की निम्मे काम झाले.

आमच्या मते दहांतील बहुतेक तक्रारींचे मूळ विजेत असते, आणि नेमका तिचाच संशय कोणी घेत नाही. या यंत्रास ५ व्होल्ट लागतात. तिसऱ्या पिढीस २.५ अँपिअर, चौथीस ३ आणि पाचवीस ५ अँपिअरपर्यंत देणारा चार्जर हवा. घरातील जुना मोबाइलचा चार्जर लावून काम भागेल ही समजूत फोल आहे. शिवाय केबलमधील घट असते. धान्यात वाहतुकीची तूट आपण हिशेबात धरतोच, तसाच हा हिशेब समजावा. बारीक तारांच्या लांब केबलचा जाण्यायेण्याचा मिळून पाव ओहम विरोध असला आणि २ अँपिअर वीज वाहिली, तर अर्धा व्होल्ट वाटेतच खर्ची पडतो. चार्जरने ५ दिले तरी यंत्रास ४.५ च पोहोचतात, आणि ४.६३ च्या खाली गेल्यास यंत्र स्वतःच तक्रार करते. पडद्याच्या कोपऱ्यात विजेची खूण उमटते, आणि दुसऱ्या ते चौथ्या पिढीपर्यंतच्या मुख्य नमुन्यांवर तांबडा दिवा विझतो अगर लुकलुकतो. तेव्हा केबल आखूड व जाड घ्यावी. चौथ्या पिढीच्या २०१९ मधील पहिल्या पाट्यांत तर काही भारी, चिप बसविलेल्या केबलींनी वीजच येत नसे. तो दोष पुढील पाट्यांत दुरुस्त झाला. जुनी पाटी असल्यास साधी केबल लावून पाहावी.

तांबडा दिवा स्थिर असून हिरवा मुळीच हलत नसेल, तर कार्डावर संशय घ्यावा. हिरवा दिवा कार्ड वाचले जात असल्याची ग्वाही देतो. तो ठरावीक ठेक्याने लुकलुकत असेल तर झपके मोजावेत: ४ झपके म्हणजे आरंभीची फाइल सापडली नाही, ७ म्हणजे मुख्य प्रणालीची. पडद्यावर इंद्रधनुष्यी रंगांचा चौकोन येऊन तेथेच थांबला, तर पहिली पायरी पार पडली, पुढची अडली, असे समजावे. आणि दिवे नेहमीप्रमाणे चमकूनही पडदा काळाच राहिला, तर चौथ्या पिढीवर पडद्याची तार वीज-खाचेजवळच्या छिद्रात आहे ना, एवढे पाहावे. पुष्कळदा संगणक चालू असतो, केवळ पडदा चुकीच्या दारी उभा असतो!

निदान करताना काटा, छापयंत्र, पेनड्राइव्ह ही सारी बाडबिस्तरे काढून ठेवावीत, आणि केवळ वीज, कार्ड व पडदा यांवर यंत्र चालवून पाहावे. सुरू झाले तर एकेक वस्तू जोडत जावे; ज्या वस्तूपाशी ते अडेल ती अधिक वीज खाते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कार्ड बिघडले म्हणजे ते कोरे करून नव्याने भरण्याचा सल्ला दुरुस्तीवाले चटकन देतात. परंतु तुमच्या वजनांच्या नोंदी त्याच कार्डावर असतात! कोरे करण्यापूर्वी त्याची संपूर्ण प्रत दुसऱ्या संगणकावर काढून घ्यावी. चालू असताना दिवे गेले, अथवा नोकराने रात्री सरळ बटण दाबून वीज तोडली, तर लिहिणे अर्धवट राहून कार्डाची मांडणी विस्कटते. पुष्कळदा नोंदी मात्र शाबूत असतात आणि जाणकाराच्या हाती परत मिळतात. दुसरे भरलेले कार्ड गादीच्या खणात तयार असावे, म्हणजे ट्रक खोळंबत नाही.

सुरतेच्या पावसाळी दमट हवेत कार्डाच्या सोनेरी पट्ट्या मळतात आणि वखारीतील गव्हाची धूळ खाचेत बसते. कोरड्या कपड्याने पट्ट्या पुसाव्यात, पाटीवर डबी चढवावी. २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीचे पाणी शहरात शिरले होते, हे ज्यांना आठवते ते यंत्र जमिनीलगत ठेवणार नाहीत.

एक बारीक बाब राहते. चौथ्या पिढीपर्यंतच्या यंत्रांत स्वतःचे घड्याळ नसते. दिवे जाऊन परत आले आणि इंटरनेट नसले, तर ते आपण टिपून ठेवलेली जुनी वेळच पुढे चालवते, आणि आजच्या पोत्यांवर कालची तारीख पडते. त्याकरिता बटणासारख्या सेलवर चालणारी स्वतंत्र घड्याळ-चकती जोडता येते. पाचव्या पिढीत घड्याळ आत आहे; बॅटरी मात्र वेगळी लावावी लागते.