दिवाळखोरीची कोर्टं : कायदा आहे, जाणकार कमी

कंपनी बुडाली की मालक बुडाला, असं आपण म्हणतो. खरं तर आधी बुडतो तो पगाराची वाट बघणारा कामगार आणि उधारीवर माल देणारा छोटा व्यापारी. त्यांचे पैसे निघणार की नाही, हा मसला राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात, म्हणजे एनसीएलटीत सुटतो. किंवा अडकतो.

2016 च्या दिवाळखोरी संहितेत मुदती स्पष्ट आहेत. बँकेच्या अर्जावर 14 दिवसांत निर्णय, मग 180 दिवसांत कंपनीला नवा खरेदीदार, आणि कोर्टकचेरी धरून फार तर 330 दिवस.

आता जेट एअरवेजचं बघा. एप्रिल 2019 मध्ये विमानं थांबली, जूनमध्ये प्रकरण एनसीएलटीच्या मुंबई खंडपीठाने दाखल करून घेतलं. 2021 मध्ये नव्या खरेदीदारांची योजना मंजूरही झाली, पण पैसे कधी आणि कसे भरायचे यावर भांडण चालूच राहिलं. अखेर 7 नोव्हेंबर 2024 ला सुप्रीम कोर्टाने कंपनी मोडीत काढायला सांगितलं. साडेपाच वर्षं! उभ्या विमानाची किंमत या काळात वाढते थोडीच?

त्याच निकालात कोर्टाने सुनावलं की एवढी गुंतागुंतीची प्रकरणं समजायला लागणारं ज्ञान सदस्यांकडे अनेकदा नसतं, आणि खंडपीठं पूर्ण वेळ बसतही नाहीत.

एनसीएलटीच्या खंडपीठात सहसा दोघे असतात. एक न्यायिक सदस्य, दुसरा तांत्रिक. जिल्हा न्यायाधीश राहिलेला माणूस कायद्यात पक्का असेल, पण ताळेबंद वाचणं हे वेगळं काम आहे. पंधरा वर्षं काम केलेला सीए तांत्रिक सदस्य होऊ शकतो, अशी सोय कायद्यातच आहे. अशी माणसं निवडा, न्यायिक सदस्यांना व्यापाराचं प्रशिक्षण द्या, रिकाम्या खुर्च्या वेळेवर भरा. माझ्या मते नवीन दुरुस्त्यांपेक्षा हे आधी व्हायला हवं. अध्यक्षांसह मंजूर पदं जेमतेम 63, आणि कंपन्यांच्या विलीनीकरणाची कामंही याच लोकांकडे.

उशिराचा मार सगळ्यांना सारखा बसत नाही. कंपनी मोडीत निघाली तर 24 महिन्यांपर्यंतची कामगारांची देणी तारणवाल्या बँकांच्या बरोबरीने येतात. भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागवाल्याने उधार दिलेल्या कापडाचे पैसे मात्र बरेच खाली. शिवाय मार्च 2020 पासून थकबाकी एक कोटीच्या आत असेल तर त्याला स्वतःहून अर्जही करता येत नाही. दुसऱ्या कुणाच्या अर्जावर जाहीर नोटीस निघाली, तर बिलं-चलनं जोडून मुदतीत दावा भरणं एवढंच त्याच्या हातात उरतं.