घरातले कागद : काय जपावे, काय टाकावे

घर आवरताना कागदांच्या पिशवीपाशी हात थांबतो. कुणी चिठोरेही टाकत नाही, कुणी जुने दिसेल ते रद्दीत देतो. नुकसान दोघांचेही होते. ढिगात हवा तो कागद वेळेवर सापडत नाही आणि रद्दीत गेलेला काही वेळा पुन्हा कुठेच मिळत नाही. म्हणून प्रत्येक कागदाबद्दल दोन प्रश्न विचारावेत : याने नेमके काय सिद्ध होते? आणि हरवला तर पुन्हा मिळेल का? याच प्रश्नांच्या आधारे काही रूढ समजुती तपासू.

गैरसमज : आजोबांच्या वेळचे कागद आता निरुपयोगी.

वस्तुस्थिती : बऱ्याच घरांत सर्वांत मोलाचे कागद हेच असतात. महाराष्ट्रात जातीचा दाखला आणि जातवैधता मिळवताना मानीव दिनांकाआधीचा पुरावा मागतात. अनुसूचित जातींसाठी तो दिनांक १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ आहे. अशा वेळी आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला किंवा कोतवाल बुकातल्या जन्ममृत्यूच्या नोंदीची नक्कल नातवाच्या प्रवेशाला उपयोगी पडते. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा मोडी लिपी वाचणाऱ्यांची गरज गावोगावी जाणवली. घरात मोडी कागद असेल तर जाणकाराकडून वाचून घेतल्याशिवाय तो टाकू नका. शाळेचे जुने रजिस्टर जीर्ण झाले, तर तुमच्याकडची प्रत हाच एकमेव पुरावा उरू शकतो.

गैरसमज : सातबाऱ्यावर नाव आहे, मग खरेदीखत नसले तरी चालते.

वस्तुस्थिती : सातबारा हा महसुली अभिलेख आहे. गाव नमुना सातमध्ये धारकाची आणि हक्कांची नोंद असते, बारामध्ये पिकांची. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ नुसार ही नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानतात. पण या नोंदीतल्या फेरफाराने मालकी निर्माण होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. मालकी येते ती खरेदीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र, मृत्युपत्र किंवा वारसा यांतून. डिजिटल स्वाक्षरीचा ताजा सातबारा १५ रुपयांत ऑनलाइन मिळतो, त्यामुळे दरवर्षीच्या प्रती साठवायला नकोत. खरेदीखत मात्र जपा. ते हरवले म्हणून जमीन जात नाही, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून प्रमाणित नक्कल काढता येते. त्यासाठी दस्त क्रमांक, वर्ष आणि कार्यालयाचे नाव वेगळे लिहून ठेवा. जुना फ्लॅट घेतला असेल तर आधीच्या मालकांचे करारही सांभाळा, कारण पुढच्या खरेदीदाराची बँक ती सगळी साखळी मागते.

गैरसमज : शेवटचा हप्ता भरला की कर्जाचे काम संपले.

वस्तुस्थिती : हप्ता संपल्यावर मूळ कागद परत घ्यायचे असतात. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार, १ डिसेंबर २०२३ पासून, कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत बँकेला मालमत्तेची मूळ कागदपत्रे द्यावी लागतात. तिच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. कर्ज फिटल्याचे पत्र कायम ठेवा आणि सातबाऱ्यावरचा बोजा उतरल्याची खात्री करा.

गैरसमज : नॉमिनी लावला, आता मृत्युपत्राची गरज नाही.

वस्तुस्थिती : बँकेतली ठेव असो वा शेअर, नॉमिनी ती रक्कम ताब्यात घेतो, पण हक्क वारसांचा राहतो. शेअरबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हे स्पष्ट केले. म्हणून मृत्युपत्र हवेच, आणि ते साध्या कागदावर होते. करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात, नोंदणी ऐच्छिक आहे. ते कुठे ठेवले हे विश्वासातल्या माणसाला सांगितलेले असावे.

गैरसमज : मोबाइलमध्ये फोटो आहे, मूळ कागद नसला तरी चालेल.

वस्तुस्थिती : डिजिलॉकरमध्ये सरकारी खात्याने किंवा शिक्षण मंडळाने स्वतः जारी केलेला दस्तऐवज कायद्याने मूळ प्रतीच्या बरोबरीचा आहे. आपण स्कॅन करून चढवलेली प्रत फक्त प्रतच राहते. ती जरूर ठेवा, पण तिच्या भरवशावर मूळ दाखला सोडू नका.

गैरसमज : लॅमिनेशन केले की दाखला जन्मभर टिकतो.

वस्तुस्थिती : गरम करून चिकटवलेले प्लास्टिक कागद न फाडता निघत नाही. मग उठावाचा शिक्का, शाई तपासता येत नाही आणि परदेशासाठी लागणारे प्रमाणीकरण अडते. दुकानाची गुळगुळीत थर्मल पावती तर यंत्राच्या उष्णतेने काळीच पडते. तिची झेरॉक्स काढा. दाखले टाचण्या काढून, सपाट, पारदर्शक खिशात ठेवा आणि पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीपासून दूर.

गैरसमज : सगळ्या पावत्या सात वर्षे ठेवाव्यात.

वस्तुस्थिती : प्रत्येक कागदाची मुदत वेगळी. आयकर विवरणपत्राच्या कागदांना सात वर्षे पुरतात, कारण मोठी रक्कम दडली असली तरी फेरतपासणीची नोटीस आकारणी वर्ष संपल्यापासून ५ वर्षे ३ महिन्यांपर्यंतच काढता येते. विजेच्या बिलाची मुदत कमी आहे. बिलात सतत न दाखवलेली थकबाकी दोन वर्षांनंतर वसूल करता येत नाही, असे वीज अधिनियम, २००३ सांगतो. घर-जमिनीच्या खरेदीचे आणि वाढीव बांधकामाचे कागद मात्र मालमत्ता विकेपर्यंत आणि त्यानंतरही सात वर्षे ठेवा, कारण नफ्यावरचा कर त्यांच्यावर ठरतो.

सुरुवात करायची तर आधी एका वहीत यादी करा : खाती, पॉलिसी, दस्त क्रमांक आणि कोणता कागद कुठे आहे. दहा वर्षे हात न लागलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. वारसांना त्या परत मागता येतात, पण त्या आहेत हे आधी त्यांना ठाऊक हवे. म्हणून ही यादी घरातल्या किमान दोघांना माहीत असू द्या, आणि त्यांतली एक घरातली स्त्री असावी.