उभ्या गाडीत धावणारं इंजिन

मे महिन्यातली दुपार. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर शूटिंग लागलंय. पायऱ्यांवर कॅमेरा, वर झाडाखाली व्हॅनिटी व्हॅन. तिच्यातले दोन्ही एसी सकाळपासून चालू आहेत. अडीचच्या सुमाराला जनरेटर घरघरतो आणि गप्प होतो. दहा मिनिटांत व्हॅनची भट्टी होते. ड्रायव्हर शपथेवर सांगतो, "साहेब, पाणी सकाळीच बघितलं होतं. फुल होतं."

तो खोटं बोलत नाही. मग जनरेटर तापला कसा? व्हॅनिटी असो की भाड्याने घेतलेली कॅराव्हॅन, तिच्या जनरेटरबद्दलचे काही समज घट्ट रुजले आहेत. ते एकेक करून तपासू.

गैरसमज : गाडीची सर्व्हिसिंग झाली, म्हणजे जनरेटरचीही झाली.

वस्तुस्थिती : जनरेटर ही गाडीच्या पोटात बसवलेली दुसरी गाडीच असते. पाण्यावर थंड होणाऱ्या जनरेटरचं इंजिन वेगळं, रेडिएटर, पंखा, पंप आणि कूलंटही वेगळं. फरक इतकाच, की ही गाडी जागेवरच धावते. समोरून वारा येत नाही. जी काही हवा मिळते ती स्वतःच्या पंख्याची. तिचं आयुष्य किलोमीटरवर नाही, तासांच्या मीटरवर मोजायचं असतं.

उष्णता किती, याचा अंदाज घ्या. ५ किलोवॉटचा डिझेल जनरेटर पूर्ण लोडवर तासाला साधारण २ लिटर डिझेल पितो. त्यातल्या ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा वीज बनून एसीपर्यंत पोचतो. उरलेली सगळी उष्णता. त्यातली बरीच धुराबरोबर जाते, पण सुमारे ६ किलोवॉट रेडिएटरला बाहेर टाकावी लागते. म्हणजे २ किलोवॉटचे तीन गिझर एका पेटीत अखंड चालू ठेवल्यासारखं.

गैरसमज : बाटली भरलेली आहे, म्हणजे रेडिएटर भरलेला आहे.

वस्तुस्थिती : ड्रायव्हरने सकाळी बघितली ती रेडिएटरला नळीने जोडलेली कूलंटची बाटली. रेडिएटरच्या झाकणात दोन झडपा असतात. इंजिन तापलं की कूलंट फुगतं, एक झडप उघडते आणि जादा कूलंट बारीक नळीतून बाटलीत जातं. इंजिन निवलं की रेडिएटरमध्ये पोकळी तयार होते, दुसरी झडप उघडते आणि तेच कूलंट परत ओढलं जातं. झाकणाचं रबर कडक झालं किंवा नळीला चीर गेली, की कूलंटऐवजी हवा ओढली जाते. बाटली भरलेलीच दिसते, रेडिएटर मात्र रोज थोडा थोडा रिकामा होत जातो.

शिवाय हेच झाकण दाब धरून ठेवतं. आत सुमारे १ बार जादा दाब असला, तर साधं पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण ढिलं असेल तर हा फायदा गेला. महाबळेश्वरच्या उंचीवर तर उघडं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं आणि विरळ हवेमुळे पंख्याचा जोरही कमी पडतो.

म्हणून इंजिन पूर्ण थंड असताना, सकाळी, झाकण उघडून आत बघायचं. गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडू नये. दाब सुटताच आतल्या पाण्याची वाफ होते आणि तोंड-हात भाजतात. वरचा रबरी पाइप हाताने आरामात धरता आला, की मगच झाकणाला हात लावावा.

गैरसमज : कूलंट बर्फाळ मुलखासाठी. आपल्याकडे पाणी पुरतं.

वस्तुस्थिती : कूलंट गोठणं टाळतं, तसंच उकळणंही लांबवतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यातली रसायनं लोखंड आणि अॅल्युमिनियमला गंजू देत नाहीत. बोअरचं पाणी घातलं तर चहाच्या भांड्याला धरतो तसा क्षारांचा थर नळ्यांच्या आत धरतो. हा थर उष्णता अडवतो. बाहेरून रेडिएटर चकचकीत, आतून चोंदलेला.

'एसीतून गळणारं पाणी शुद्धच की' असंही म्हणतात. त्यात क्षार कमी असतात हे खरं, पण कॉइलवरची धूळ आणि धातूचे अंश त्यात उतरतात. डिस्टिल्ड वॉटर महाग नाही, तेच वापरावं.

उलट टोकाचा समज म्हणजे नुसतं दाट कूलंट ओतलं की जास्त थंडावा. उष्णता वाहून नेण्यात पाण्याचा हात कोणी धरू शकत नाही. म्हणून बहुतेक ठिकाणी निम्मं-निम्मं मिश्रण सांगितलेलं असतं. तयार मिश्रणाच्या डब्यात मात्र आणखी पाणी घालायचं नाही. रंगावरूनही जाऊ नका. हिरवा, लाल, निळा हा नुसता रंग. आतलं रसायन डब्यावर वाचावं लागतं. दोन जाती एकत्र आल्या तर गाळ धरू शकतो. आणि जुनं कूलंट जमिनीवर ओतू नका. ते गोडसर पण विषारी असतं, आणि लोकेशनवर कुत्री असतातच.

गैरसमज : थर्मोस्टॅट काढून टाकला, की तापण्याची कटकट मिटली.

वस्तुस्थिती : हा गॅरेजमधला लाडका उपाय. थर्मोस्टॅट साधारण ८० अंशांच्या आसपास उघडतो, तोपर्यंत इंजिनाला योग्य तापमान गाठू देतो. तो काढला तर इंजिन थंडच चालतं, डिझेल नीट जळत नाही, काजळी धरते, झीज वाढते. काही इंजिनांत तर गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत फिरतं आणि इंजिन उलट जास्त तापतं. थर्मोस्टॅट अडकला असेल तर बदलावा.

गैरसमज : जनरेटरचं दार उघडं ठेवलं की हवा लागते.

वस्तुस्थिती : बंद पेटीतल्या जनरेटरमध्ये हवेचा रस्ता आखलेला असतो. एका जाळीतून आत, इंजिन आणि रेडिएटरवरून, मग बाहेर. दार उघडलं की हवा जवळची वाट धरते आणि जिथे गरज तिथे पोचतच नाही. बघायचं ते जाळीकडे. तिथे पालापाचोळा, प्लॅस्टिकची पिशवी, कधी उंदराचं घरटं सापडतं.

रेडिएटर धुताना प्रेशरचा फवारा जवळून मारला तर पातळ पत्रे मुडपतात. हवा ज्या दिशेने जाते, तिच्या उलट बाजूने हलकं पाणी मारावं आणि वीज बनवणाऱ्या भागावर ते उडू देऊ नये. एअर कूल्ड जनरेटरला 'काहीच बघावं लागत नाही' हेही चूक. त्याचं इंजिन हवेवरच जगतं. तिथे इंजिनावरच्या पातळ पत्र्यांमधली धूळ काढणं हीच थंडाव्याची सर्व्हिसिंग.

गैरसमज : तापला तर आपोआप बंद होतो. मग काळजी कसली?

वस्तुस्थिती : बंद करणारा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असतो. कूलंटच निघून गेलं तर तो कोरडा पडतो आणि खरं तापमान त्याला कळत नाही. तोवर हेड गॅस्केट उडतं किंवा इंजिन जाम होतं. एरवी बंद करतानाही घाई नको. आधी एसी बंद करून जनरेटर तीन ते पाच मिनिटं बिनलोड चालू द्यावा, म्हणजे साठलेली उष्णता निघून जाते.

मेणवलीच्या घाटावर सेन्सर वेळेवर चालला, म्हणून निभावलं. संध्याकाळी फिटरने थंड झालेल्या रेडिएटरचं झाकण उघडून बोट घातलं. ते कोरडंच बाहेर आलं. बाटली मात्र काठोकाठ. झाकणाच्या रबराला नखाएवढी भेग होती. नवं झाकण बसलं, कूलंट भरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, जनरेटर लावण्याआधी, ड्रायव्हर बाटलीकडे न बघता सरळ झाकणाकडे गेला.