पाठीवरचे केस ‘कायमचे’ काढायचेत? एका सिटिंगचा नव्हे, पूर्ण हिशेब मांडा

लग्नाची तारीख ठरते, हळदीला उघड्या अंगाने बसायचं असतं आणि पाठीवरच्या दाट केसांचा विषय निघतो. तालमीत उतरणाऱ्या किंवा विहिरीत पोहायला जाणाऱ्या तरुणांनाही मित्रांच्या थट्टेमुळे तो सलतो. मग लेझरची जाहिरात नजरेस पडते. ‘कायमस्वरूपी केस काढा, एका सिटिंगचे इतके रुपये’. ही रक्कम परवडणारी वाटते, पण खरा खर्च त्यापेक्षा बराच मोठा असतो.

‘कायमचे’ म्हणजे किती?

लेझरचा प्रकाश केसातला काळा रंग शोषून घेतो. त्यातून तयार होणाऱ्या उष्णतेने केसाचं मूळ निकामी होतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या भाषेत लेझरमुळे केस कायमचे ‘कमी’ होतात, पूर्ण नाहीसे होतात असं नाही. प्रत्येक मुळात सुई घालून विजेने ते जाळण्याची इलेक्ट्रोलिसिस ही पद्धत त्याबाबत अधिक खात्रीची मानली जाते. पण एकेक केस धरून अख्खी पाठ करायची तर किती तास लागतील, याचा अंदाज कोणालाही येईल. म्हणून पाठीसाठी बहुतेक जण लेझरच निवडतात.

पांढऱ्या केसांवर मात्र लेझर चालत नाही, कारण त्यात रंगच नसतो.

एका फेरीत काम का होत नाही?

सगळे केस एकाच वेळी वाढत नाहीत. काही वाढीच्या अवस्थेत असतात, तर काही विश्रांतीच्या. लेझरचा परिणाम प्रामुख्याने वाढत्या केसांवर होतो. त्यामुळे साधारण ६ ते ८ सिटिंग लागतात आणि दोन सिटिंगमध्ये ६ ते ८ आठवड्यांचं अंतर ठेवावं लागतं. म्हणजे सात महिन्यांपासून ते वर्षभरापर्यंत, काहींना त्याहूनही जास्त काळ. लग्न दोन महिन्यांवर आलं असताना सुरुवात केली, तर हळदीपर्यंत पाठ साफ होणार नाही.

शिवाय पुरुषांच्या पाठीवरचे केस हार्मोनमुळे येतात आणि तिशी-चाळिशीतही नवे उगवत राहतात. पंचविशीत उपचार पूर्ण केले तरी पुढे अधूनमधून ‘टचअप’ करावं लागतं.

हिशेब असा मांडा

दर शहर, मशीन आणि डॉक्टरनुसार बदलतो. उदाहरणादाखल एका सिटिंगचे ६,००० रुपये धरू. ८ सिटिंगचे झाले ४८,०००. पुढची पाच वर्षं वर्षाला एक टचअप धरलं तर आणखी ३०,०००. एकूण ७८,०००. त्यात तपासणी फी, मलमं आणि प्रवास वेगळा. चंदगड किंवा खानापूरहून बेळगावला, निपाणीहून कोल्हापूरला आठ खेपा म्हणजे आठ दिवसांची रजा किंवा बुडालेली मजुरी. सौंदर्योपचार असल्याने आरोग्य विम्यातून हा खर्च सहसा मिळत नाही.

सावळ्या त्वचेची काळजी

आपल्या भागातल्या बहुतेकांची त्वचा गव्हाळ किंवा सावळी. त्वचेतही तोच रंग असल्याने चुकीची मशीन किंवा जास्त ताकद वापरली तर भाजतं, काळे डाग पडतात. सावळ्या त्वचेसाठी १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचं एनडी-याग लेझर तुलनेने सुरक्षित मानलं जातं. काही जणांत उलटाच परिणाम होऊन केस वाढतात. खांदे आणि पाठ या जागी ही शक्यता लक्षात ठेवावी लागते.

उपचाराआधी चार ते सहा आठवडे वॅक्सिंग करायचं नाही. मूळच उपटलं गेलं तर लेझर कशावर चालणार? दाढीसारखे केस कापलेले चालतात. पाठ उन्हात रापलेली असेल तर थांबावं लागतं. त्यामुळे उघड्या अंगाने शेतात राबणाऱ्याला किंवा उन्हाळाभर पोहणाऱ्याला सिटिंगच्या तारखा जपून ठरवाव्या लागतात. बधिरतेचं मलम अख्ख्या पाठीला स्वतःच्या मनाने थापू नये. मोठ्या भागातून ते रक्तात जास्त प्रमाणात उतरलं तर जिवावर बेतू शकतं.

पैसे भरण्याआधी विचारा

- मशीन कोणती आणि ती कोण चालवणार? त्वचारोगतज्ज्ञ तिथे हजर असतील का?
- आधी छोट्या जागेवर चाचणी करणार का?
- ‘पूर्ण पाठ’ यात खांदे, मान आणि कंबर येतात का?
- दर करासह आहे का? टचअपचा दर किती?
- मध्येच उपचार थांबवले तर उरलेले पैसे परत मिळतील का?

उत्तरं लेखी घ्यावीत. ‘आजच भरा, सूट मिळेल’ असा आग्रह झाला, तर घरी येऊन एक रात्र विचार करावा.

पाठीवर केस असणं हा आजार नाही. हळदीपुरता प्रश्न असेल तर ट्रिमर किंवा वॅक्सिंग पुरेसं आहे. वॅक्सिंग पहिल्यांदाच करणार असाल, तर ते ऐन हळदीच्या दिवशी न करता दोन-तीन दिवस आधी उरकावं. वर्षभराची तयारी आणि पूर्ण रक्कम हाताशी असेल, तरच लेझरचा विचार करावा. त्यासाठी हप्त्यावर कर्ज काढायची वेळ आली, तर थांबलेलं बरं.